आन्नाच्या मुलाचं पुढे काय झालं

"ही सुटणार," सासूबाई ओढणीचं टोक ओढून पाहत म्हणाल्या. "सिल्कची आहे. सुती आण."

मी आतून सुती ओढणी आणली. एक टोक विकूच्या कमरेला बांधलं, दुसरं जेवणाच्या टेबलाच्या पायाला. विकू नुकताच चालायला लागला होता आणि सारखा बाहेरच्या दिशेने चालायचा. सासूबाईंनी गाठ तपासली. ओढणी आणि विकूचं पोट यांच्यात दोन बोटं घालून पाहिली, आणि पुन्हा फरसबी मोडायला बसल्या. मी लॅपटॉप घेऊन शेगडीजवळ उभी राहिले, कारण आन्नाची विहीर साधारण तिथे होती.

नेब्रास्कात येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. माझा नवरा संग्राम ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. माझा व्हिसा असा होता की मला नोकरी करायची परवानगी नव्हती. कादंबरी लिहू नये असं मात्र त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. म्हणून मी लिहीत होते. दीडशे वर्षांपूर्वी याच भागात स्वीडनहून आलेली आन्ना नावाची बाई. नवरा रेल्वेच्या कामावर गेलेला. मातीच्या ढेपा रचून उभं केलेलं एका खोलीचं घर, एक मूल, आणि चारी बाजूंना डोक्यावर जाणारं गवत. त्या गवतात मूल शिरलं तर हाकेच्या अंतरावर असूनही दिसायचं नाही. म्हणून पाण्याला जाताना बायका मुलांना पलंगाच्या पायाला बांधून जात, असं मी दोन-तीन ठिकाणी वाचलं होतं. पण प्रत्येक ठिकाणी एकच ओळ. बांधलेलं मूल पुढे काय करतं, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

एमएला आम्हाला इतिहास शिकवणारे सर म्हणायचे, कादंबरीत कोणी पाणी प्यायलं तर भांडं कशाचं होतं ते लेखकाला माहीत पाहिजे. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. आन्ना मक्याच्या भाकरीवर दिवस काढत होती तेव्हा आम्हीही मक्याची भाकरीच खात होतो. तिच्याकडे जळायला लाकूड नव्हतं, वाळलं गवत पिळून त्याचे मुटके ती चुलीत घालायची. ते मुटके मी मागच्या दाराबाहेरच्या शेगडीत जाळून पाहिले आणि अपार्टमेंटच्या ऑफिसमधून ताकीद आली. संग्राम म्हणाला, "आन्नाला एखादा नोकरी करणारा नवरा दे. आपल्याला परवडेल."

तर विकू. तो आधी दारापर्यंत निघाला. ओढणी ताणली गेली तसा थांबला, मागे वळून टेबलाकडे पाहिलं. टेबल येत नाहीये हे लक्षात आल्यावर मटकन खाली बसला आणि ओढणी चघळायला लागला. मग हसला.

"रडत नाही हा," मी म्हटलं.

"कशाला रडेल? आजी समोर बसलीये त्याची."

"आन्नाच्या मुलासमोर कोणी नसतं. तुम्ही जरा आत जाता का?"

"मी फरसबी घेऊन आत जाऊ?"

"पाच मिनिटं."

सासूबाई फलटणच्या शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या उठल्या, फरसबीचं ताट उचललं आणि बेडरूममध्ये गेल्या. मी शेगडीपाशी ओट्याआड खाली बसले. विकूने दोनदा "आज्जी" म्हटलं, मग टेबलाच्या पायाशी बोलायला लागला.

तेवढ्यात मागच्या काचेच्या दारासमोरून वरच्या मजल्यावरची डॅना चालली होती. ती थांबली. तिने विकूकडे पाहिलं, विकूपासून ओढणीवरून टेबलापर्यंत पाहिलं, आणि टेबलापासून परत विकूपर्यंत पाहिलं. खोलीत दुसरं कोणी दिसत नव्हतं. मी ओट्यामागून उभी राहिले आणि हात हलवला. तिने हात हलवला नाही. तिच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्राही विकूकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी संग्राम कारखान्याच्या कामासाठी परगावी गेला आणि दुपारी दारावर टकटक झाली. दारात पन्नाशीची, आखूड केसांची, सपाट बुटांची एक बाई होती. गळ्यात ओळखपत्र. तिने नाव सांगितलं, शेरिल नोव्हॉटनी. मुलांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यातून आली होती. तुमच्या मुलाबद्दल तक्रार आली आहे, आत येऊ का, असं तिने विचारलं. आवाज असा, की जणू मीटर बघायला आली आहे.

मी तिला बसायला सांगून संग्रामला फोन लावला.

"काही बोलू नकोस," तो म्हणाला. "मी निघतोय. तीन तास लागतील."

"तीन तास मी गप्प बसू?"

"चहा दे तिला."

तिला चहा नको होता. तिला फ्रिज बघायचा होता. मी फ्रिज उघडला. तिने दूध, भाज्या, वरणाचं भांडं पाहिलं. मग विकू कुठे झोपतो ते पाहिलं, औषधं कुठे ठेवता ते विचारलं, बाथरूमचा नळ सोडून पाणी किती गरम येतं ते बोटाने पाहिलं. एकेक गोष्ट ती लिहून घेत होती. ओट्यावर गवताचे उरलेले मुटके रचून ठेवलेले होते. "हे काय?" तिने विचारलं. "जळण," मी म्हटलं, आणि तेही लिहिलं गेलं.

"मुलाला बांधलं होतं?"

"हो."

"कुठे?"

मी टेबलाचा पाय दाखवला.

"कमरेला बांधलं होतं? मला त्याची कंबर बघायला लागेल."

सासूबाई विकूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. मी त्याचा शर्ट वर केला. ओढणीचा काही वळ नव्हता. होता तो करदोटा. काळ्या दोऱ्याचा, सासूबाईंनी इथे आल्या आल्या घातलेला, दोनदा सैल करून पुन्हा बांधलेला. आमच्याकडे मुलाच्या कमरेला तो असतोच. तो कधी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझ्या तर अजिबात आला नव्हता.

शेरिलने वाकून तो दोरा जवळून पाहिला.

"याच्या कमरेला नेहमी दोरी असते?"

"ती दोरी नाही," मी म्हटलं. "म्हणजे दोरीच आहे. पण बांधायची नाही."

"ती बांधलेली आहे."

"त्याला बांधलेली आहे. त्याला कशाला बांधायला नाही."

"मग दुसरं टोक कुठे असतं?"

"तिला दुसरं टोक नसतं."

तिने पेन थांबवलं. मी सांगायला लागले की ही पद्धत आहे, आमच्याकडे सगळ्या मुलांना असतो, माझ्या नवऱ्यालाही होता. ती म्हणाली, "आता नाही?" मी म्हटलं, "आता पट्टा असतो." हे बोलायला नको होतं हे मला लगेच कळलं. पण घाबरले की माझं तोंड आपोआप चालतं. मी त्या बाईच्या हाताकडे पाहत होते. ती कागदाच्या वरच्या बाजूला गेली, आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं आणि त्या जागी जरा लांबलचक काहीतरी लिहिलं.

"मी स्पष्ट सांगते," ती म्हणाली. "काल एकदा बांधलं, हा एक प्रकार. रोज बांधता, हा दुसरा. दुसरा असेल तर आज मी एकटी निर्णय घेऊ शकत नाही. मला ऑफिसला फोन करावा लागेल, आणि चौकशी होईपर्यंत मूल कदाचित दुसरीकडे ठेवावं लागेल."

"दुसरीकडे म्हणजे?"

"दुसऱ्या कुटुंबात. काही दिवस."

सासूबाईंना इंग्रजी बोलता येत नसे, पण कळत बरंच असे. त्यांनी विकूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"मला यांच्याशी बोलायचंय," शेरिल म्हणाली. तिने दुभाष्यांच्या नंबरला फोन लावला. मराठी दुभाषा त्या दिवशी मिळणार नव्हता. हिंदी होता.

"हिंदी चालेल ना?" मी सासूबाईंना विचारलं.

"मला हिंदी येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्या रोज संध्याकाळी ओळीने तीन हिंदी मालिका बघायच्या, आणि मला मधल्या भागांत काय झालं ते समजावून सांगायच्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडे पाहत होत्या.

"हिंदी येत नाही," मी शेरिलला सांगितलं.

तिने उसासा टाकला. "मग आत्तापुरतं तुम्हीच सांगा. हे नियमात बसत नाही. मी नंतर मराठी दुभाष्याकडून खात्री करून घेईन. त्यांना विचारा, काल काय झालं?"

मी विचारलं. सासूबाई याच प्रश्नाची वाट बघत असाव्यात.

"सांग तिला, मी बांधलं. दोन्ही मीच बांधलं. करदोटा पण आणि ओढणी पण. सून आत होती, तिला काही माहीत नाही."

"आई, असं नाही सांगता येणार."

"का नाही? करदोटा मी घातलाच आहे. अर्धं खरं आहे."

"तुमच्यावर नोंद होईल. परत व्हिसा मिळायचा नाही तुम्हाला."

"नको मिळू दे. पुढच्या आठवड्यात चालले मी. काय करणार आहेत, विमानात बसवणार?" मग आवाज अजिबात न बदलता, भाजीला मीठ घातलं का विचारावं तशा म्हणाल्या, "हे बघ मेघना. तो तुझ्यापाशी राहिला तर उद्या ना परवा फलटणला येईल, मला भेटेल. यांच्याकडे गेला तर मी कुठे भेटू त्याला? सांग तू. वाट बघतीये ती."

शेरिल खरंच वाट बघत होती. आमचं बोलणं चांगलंच लांबलं होतं.

सासूबाईंचं आणि माझं तोवर फारसं जमायचं नाही. भांडण नव्हतं. त्या माझ्या कादंबरीला 'तुझं ते टायपिंग' म्हणायच्या आणि मी त्यांनी विकूच्या डोक्याला तेल लावलं की ते पुसून काढायचे, एवढंच. नातू झाल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. त्याची कातडी पिशवी त्या उशाखाली ठेवून झोपायच्या.

मी इंग्रजीत म्हटलं, "त्या म्हणतात, त्यांनी बांधलं. ते खरं नाही. काळा दोरा त्यांनी बांधला, तो रिवाज आहे. ओढणी मी बांधली. त्या हे म्हणताहेत कारण तुम्ही मुलाला न्याल अशी त्यांना भीती आहे. मलाही आहे."

"एवढं सगळं त्या बोलल्या?"

"पहिलं वाक्य त्यांचं. पुढचं माझं."

"येडी आहेस तू," सासूबाई म्हणाल्या.

"आता काय म्हणाल्या?"

"मला वेडी म्हणाल्या."

शेरिलने तेही लिहिलं. मग तिने पेन खाली ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदाच. "का बांधलं?"

मी सांगितलं. कादंबरीबद्दल, आन्नाबद्दल, गवताबद्दल, बांधलेलं मूल काय करतं हे कोणी लिहिलेलं नाही त्याबद्दल. ऐकताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मूल आजारी आहे, माझी तब्येत बरी नाही, असं काहीतरी सांगितलं असतं तर जास्त खरं वाटलं असतं.

"कादंबरी कुठल्या भाषेत आहे?"

"मराठीत."

"नेब्रास्काबद्दल?"

"हो."

"कोण वाचणार?"

"माझे प्रकाशकही हेच विचारतात."

ती हसली नाही. टेबलाच्या पायाकडे पाहत म्हणाली, "आमचे लोक बोहेमियातून आले. घरात कोण कुठल्या बोटीतून आलं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण मुलं कशी सांभाळली, ते कधी कोणी सांगितलं नाही." मग माझ्याकडे वळली. "तर ती बांधून विहिरीवर जाते. पुढे?"

हा चौकशीचा प्रश्न आहे की नुसता प्रश्न आहे, हे मला कळेना. कादंबरीचा आराखडा तयार होऊन वर्ष झालं होतं. आन्ना मुलाला रोज बांधून जाते. मग एकदा ते फार रडतं, तिला त्याची दया येते, आणि त्या दिवशी ती त्याला बांधत नाही. परत येते तेव्हा दार उघडं असतं. त्यानंतरची साठ पानं ती गवतात हाका मारत असते. तीच कादंबरी होती. बाकीचं सगळं मी त्या साठ पानांपर्यंत पोचण्यासाठी लिहीत होते.

शेरिलने पेन उचललेलं नव्हतं. पण ते तिच्या हातापाशीच होतं.

"ती परत येते," मी म्हटलं. "मूल तिथेच असतं."

"आणि मग?"

"मोठं होतं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पेन उचलून बरंच काही लिहिलं.

जाण्याआधी तिने मला समजावून सांगितलं. तिने विकूच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं होतं, डॉक्टरांना करदोटा माहीत होता. आजचं प्रकरण ती इथेच ठेवत होती. पण महिनाभरात ती न कळवता पुन्हा येणार होती. मुलाला बांधायचं नाही, कशालाच नाही, कशासाठीच नाही. स्वयंपाक करताना तो पायांत येत असेल तर दुकानात चार बाजूंनी जाळी असलेलं कुंपण मिळतं, त्यात त्याला सोडावं. तिने हातांनी उंची दाखवली.

"काय म्हणतीये?" सासूबाईंनी विचारलं.

"दोरी नको म्हणते. पिंजरा आणा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

ती गेली. मी दाराला कडी लावली, मग काचेच्या दाराचा पडदा ओढला, मग खिडक्यांचे पडदे ओढले. सासूबाईंनी विकूला खाली ठेवलं. तो सरळ पडद्याकडे चालत गेला आणि पडद्यामागे जाऊन उभा राहिला. मी त्याला बाहेर काढलं. तो पुन्हा गेला.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. पदराने चेहरा पुसला. म्हणाल्या, "खरंच मोठं होतं का ते पोरगं?"

"कोण?"

"तुझ्या टायपिंगमधलं."

त्यांनी कादंबरीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी खोटं बोलणार होते, पण त्या दिवसाचं माझं तेवढं बोलून झालं होतं.

"नाही. गवतात हरवतं. सापडत नाही."

"हे कधीचं ठरवलंयस?"

"विकू झाला तेव्हापासून."

"घरात तान्हं पोर, आणि तू बसून असलं लिहीत होतीस."

"तो झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसायचे, आई. सगळी दुपार. हे लिहायला लागल्यापासून ते थांबलं."

"म्हणजे?"

"एक हरवलं की पुरे होईल, असं वाटलं. दुसऱ्याची गरज पडणार नाही."

हे मी आजवर मोठ्याने कधीच बोलले नव्हते. स्वतःशीही नाही. माझ्या माहेरी अशा वेळी लोक पाठीवरून हात फिरवतात, पण सासरी, घोरपड्यांकडे, तशी पद्धत नाही. पडदा हलत होता, त्याखाली विकूचे पाय दिसत होते. सासूबाई त्या पायांकडे पाहत होत्या.

"सरकारी बाईला सांगून बसलीस, जगतं म्हणून," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"ती परत येणार आहे."

"ती काही कादंबरी वाचणार नाही, आई. मराठीत आहे."

"तिने नाही वाचली तरी तू सांगितलंयस. लिहून घेतलंय तिने." त्या उठल्या. "कुकर लावते. संग्राम येईल आता."

संग्राम आला तेव्हा आम्ही तिघं वरणभात खात होतो. त्याला काय काय झालं ते सांगायला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक वाक्याला सासूबाई म्हणत, "तसं नाही, मी सांगते." पुढच्या आठवड्यात त्या फलटणला गेल्या. जाताना विकूचा करदोटा त्यांनी पुन्हा सैल करून बांधला. मला म्हणाल्या, "तेल लाव डोक्याला. पुसू नकोस."

साठ पानं मी काढून टाकली. त्या जागी दुसरी लिहायला घेतली, आणि ती लिहिताना मला कळलं की मूल हरवणं सोपं होतं. गवत होतंच. ते टिकवायला रोज काहीतरी करावं लागत होतं: दार लावणं, पाणी आणणं, ताप उतरवणं, पुन्हा दार लावणं. आन्ना दमली. मीही दमले. कादंबरी तीन वर्षांनी आली. एका समीक्षकाने लिहिलं की अशा गवतात मूल जिवंत राहणं पटत नाही, लेखिका ऐन वेळी कच खाते. त्यांचं बरोबर असेल. विकू आता अकरा वर्षांचा आहे. पुस्तक त्याने हातात घेऊन फक्त वजन पाहिलं.

शेरिल पुन्हा आली ती महिना संपता संपता, सकाळीच. मी घाईघाईने पसारा उचलत होते. जाळीचं कुंपण बैठकीच्या खोलीत मधोमध होतं, आणि त्यात धुवायचे कपडे होते. तिने ते पाहिलं. फ्रिज पाहिला. टेबलाचे चारही पाय पाहिले. मग टेबलाशी बसून कागद काढले आणि शेवटच्या पानावर सही करायला घेतली. सही करता करता विचारलं, "मूल कसं आहे?"

"झोपलाय," मी म्हटलं. "उठवू का?"

"हा नाही. तो."

ती विनोद करत नव्हती. सही अर्धी झाली होती आणि पेन तसंच कागदावर टेकलेलं होतं. मी आत जाऊन एकदा विकूला बघून आले. मग तिच्यासमोर बसले.

"चालतो आता. दाराबाहेर जातो."

"गवतात?"

"काठापर्यंत. आन्ना हाक मारते, मग परत येतो."

"पहिल्याच हाकेला?"

"नाही. तीन-चार तरी माराव्या लागतात."

"मग ठीक आहे," शेरिल म्हणाली, आणि सही पुरी केली.